पोर्टफोलिओ करून बसले, आणि एजन्सी म्हणते 'साधे फोटो पाठवा'

अर्धवट_पान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २१ वर्षांची, उंची ५ फूट ९ इंच. मॉडेलिंगचं दोन वर्षांपासून डोक्यात होतं. शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे घालून एका स्टुडिओत पूर्ण दिवसाचं शूट केलं. सहा पोशाख, तीन वेळा मेकअप, पंखा लावून उडवलेले केस, धूर, आणि एका फोटोत हातात छत्री. छत्री का, ते मलाही कळलेलं नाही. हातात ४२ फोटो आले, जाडजूड अल्बमसकट. घरचे खूश, मीही खूश.

ते ४२च्या ४२ तीन एजन्सींना पाठवले. दोघांकडून काहीच नाही. तिसरीकडून दोन ओळी आल्या: 'कृपया डिजिटल्स पाठवा. मेकअप आणि एडिटिंग नको. फोनवर काढलेले चालतील.'

आता मला कळेना. फोनवरचे चालणार होते तर मी हा खटाटोप कशाला केला? माझे फोटो वाईट आहेत का? की 'नको' म्हणायची ही सभ्य पद्धत आहे? नक्की कोणते फोटो हवेत, किती हवेत, आणि कोणाकडून काढून घ्यायचे?

टवाळ_टोळ

छत्रीचा फोटो बघितल्याशिवाय मत देता येणार नाही. (दिवा घ्या.)

शांतारामी

रुमाल टाकून ठेवते. भाचीसाठी उपयोगी पडेल.

बुकिंग_टेबल

अर्धवट_पान, आधी चांगली बातमी. ज्यांना नको असतं ते उत्तरच देत नाहीत. तुमच्याकडे डिजिटल्स मागितले म्हणजे चेहऱ्यात कोणाला तरी काहीतरी दिसलं, पण इतक्या थरांखाली ते खरं आहे की नाही याची खात्री होईना.

मी नऊ वर्षं एजन्सीत बुकर होते, म्हणजे मॉडेलला काम मिळवून देणं आणि तिच्या तारखा सांभाळणं. रोज सकाळी नवीन अर्जांचा ढीग असायचा. एका अर्जावर किती वेळ जातो सांगू? चहाचा कप खाली ठेवून परत उचलेपर्यंत. तेवढ्यात एकच प्रश्न असतो: ही मुलगी उद्या क्लायंटसमोर उभी राहिली तर फोटोतलीच दिसेल का?

डिजिटल्स त्यासाठीच. जुने लोक त्यांना अजून 'पोलरॉइड' म्हणतात, कारण पूर्वी एजन्सीतच भिंतीपाशी उभं करून पोलरॉइड कॅमेऱ्याने झटपट फोटो काढायचे. त्या फोटोवर कोणाला हात फिरवता येत नसे, म्हणून त्यावर विश्वास. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये ती फिल्म बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. एजन्सीतून ती फिल्म गेली, नाव राहिलं.

काय हवं: चेहरा समोरून, एकदा हसून आणि एकदा न हसता. चेहरा बाजूने. कमरेपर्यंतचा एक. पूर्ण उंचीचा समोरून, बाजूने आणि पाठमोरा. केस एकदा मोकळे, एकदा घट्ट मागे बांधून, म्हणजे कपाळ, कान, जबड्याची रेषा दिसते. अंगालगतचा साधा टॉप आणि पँट, एकाच रंगाचे असतील तर उत्तम, त्यावर छापील अक्षरं नकोत. दागिने नकोत. मागे कोरी भिंत. सोबत उंची अनवाणी मोजून लिहा. टाचांसकट मोजलेली उंची पहिल्या भेटीत दाराच्या चौकटीपाशी उघडी पडते, पाहिलंय.

आणि ४२ फोटो कधीही पाठवू नका. पाच उत्तम आणि बाकीचे बरे असले तरी लक्षात राहतो तो सगळ्यात वाईट. मग आम्हाला वाटतं, हिला स्वतःलाच फरक कळत नाही.

जुना_फ्लॅश

'फोनवर काढलेले चालतील' हे वाक्य वाचून माझ्यासारख्याच्या पोटावर पाय येतो हो. तीस वर्षं फोटो काढतोय.

बुकिंग_टेबल ताईंचं सगळं मान्य, पण फोनवर काढणं म्हणजे कसंही काढणं नव्हे. फोनची नेहमीची लेन्स चांगलीच वाइड असते, फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटर. तिने जवळून चेहरा काढला की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. दोष खरं तर लेन्सचा नाही, अंतराचा आहे. हातभरावरून काढाल तर नाक डोळ्यांपेक्षा लेन्सच्या बरंच जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. दोन-अडीच मीटर मागे जा, तोच फरक नगण्य होतो. मग चेहरा लहान दिसतो म्हणून दुप्पट झूमची लेन्स लावा. स्टुडिओत आम्ही चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो, तीही त्याचसाठी. ती लावली की आपोआप मागे सरकावं लागतं.

दुसरं, कॅमेऱ्याची उंची. चेहरा काढताना डोळ्यांच्या पातळीवर. पूर्ण उंचीचा काढताना फोन बेंबीच्या उंचीवर आणि सरळ उभा, वर-खाली कलू द्यायचा नाही. उंचावरून काढलात तर डोकं मोठं आणि पाय आखूड. पाच फूट नऊची मुलगी पाच फूट दोनची दिसते, आणि मग म्हणायचं एजन्सीला नजर नाही.

उजेड खिडकीचा. खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, ऊन थेट अंगावर नको. घरातले दिवे बंद. नाहीतर गालाची एक बाजू पिवळी आणि एक निळी होते आणि त्वचेचा खरा रंग कोणालाच कळत नाही. भिंतीपासून मीटरभर पुढे उभं राहा म्हणजे सावली भिंतीवर चिकटत नाही.

शटरबंद

+१ जुना_फ्लॅश. यात भर: सेल्फी कॅमेरा नको, काही फोनमध्ये फोटो आरशासारखा उलटा साठवला जातो. पोर्ट्रेट मोड नको, तो केसांच्या कडा खातो. आणि बऱ्याच फोनांत 'ब्यूटी' का काय ते आधीपासूनच चालू असतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नाहीतर आपण शपथेवर सांगतो एडिट केलं नाही आणि फोनने परस्पर इस्त्री मारलेली असते.

कात्रण

मला एक समजत नाही. केट मॉस या ब्रिटिश सुपरमॉडेलला १९८८ मध्ये विमानतळावर हेरलं, १४ वर्षांची होती. तिच्याकडे कुठला पोर्टफोलिओ होता? ज्यांच्यात असतं ते दिसतंच. बाकी सगळा धंदा आहे.

टवाळ_टोळ

मग काय, अर्धवट_पान यांनी विमानतळावर जाऊन उभं राहावं. छत्री घेऊन. सापडायला सोपं.

बुकिंग_टेबल

कात्रण, ती गोष्ट खरीच आहे, पण अर्धी सांगितलीत. हेरल्यावर लगेच ती प्रसिद्ध झाली नाही. तिची ओळख पक्की झाली ती १९९० मध्ये, कोरीन डे या फोटोग्राफर बाईने समुद्रकिनाऱ्यावर काढलेल्या फोटोंनी. त्यात जवळजवळ मेकअप नाही, नाकावर आठ्या, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके, खळखळून हसतेय. त्या काळातल्या गुळगुळीत फोटोंपुढे ते घरगुती वाटायचे. म्हणजे चेहरा होताच, पण तो तसाच दिसू देणारा माणूस दोन वर्षांनी भेटला. पोर्टफोलिओचं काम तेवढंच असतं. तुमच्या स्टुडिओवाल्याने नेमकं उलटं केलं, प्रत्येक फोटोत तुम्हाला दुसरंच कोणीतरी केलं.

निळी_किनार

इथे थोडा मतभेद नोंदवते. सगळे डिजिटल्स-डिजिटल्स करताहेत म्हणून धागा एका बाजूला झुकलाय. मी फॅशनमध्ये नाही, जाहिराती आणि कॅटलॉगमध्ये काम करते, ११ वर्षं झाली. उंची ५ फूट ३. माझ्यासाठी भावहीन चेहऱ्याने भिंतीपाशी उभं राहिलेले फोटो अर्धंच काम करतात. आमच्याकडे विचारतात, ही बाई आई वाटते का, डॉक्टर वाटते का, बँकेत काम करणारी वाटते का, दात दाखवून हसताना खोटी तर वाटत नाही? तिथे पोर्टफोलिओ लागतोच, फक्त वेगळा. माझ्याकडे ११ फोटो आहेत. एकात मी लॅपटॉपसमोर त्रासलेली आहे, आणि सगळ्यात जास्त कामं मला त्याच फोटोने दिलीत. नवरा म्हणतो, तो फोटो काढायला स्टुडिओ कशाला, रोज घरी बघतो.

तर अर्धवट_पान, आधी ठरवा कुठल्या दारात उभं राहायचंय. फॅशनच्या एजन्सीला हसरी 'शेजारची ताई' नको असते आणि साबणाच्या जाहिरातीला गालफडं आत ओढलेली मुलगी नको असते. एकाच अल्बममध्ये दोन्ही कोंबले की दोघंही म्हणतात, हे आपल्यासाठी नाही.

बुकिंग_टेबल

निळी_किनार, अगदी मान्य. मी माझ्याच खिडकीतून बोलत होते.

हातखंडा

अवांतर: मी फक्त हातांचं मॉडेलिंग करतो. घड्याळं, पेनं, फोन. माझ्या पोर्टफोलिओत माझा चेहराच नाही. दहा फोटो, सगळे हात: तळवा, पाठ, मूठ, काहीतरी धरलेलं. नखांचा जवळून एक. घरात भांडी घासत नाही, हे कारण गेली सहा वर्षं यशस्वीपणे चालू आहे.

शांतारामी

हातखंडा, हा धागा तुमच्या घरी वाचत नाहीत ना?

मधुमालती_७१

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. एका 'टॅलेंट' कंपनीने समाजमाध्यमावर तिला निरोप पाठवला, चेहरा खास आहे, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडे करा, मग आम्ही नाव नोंदवतो. शिवाय मापं कळावीत म्हणून स्विमसूटमधले फोटो आधी पाठवा, असं लिहिलंय. ती फार हरखून गेलीय. मला मात्र धाकधूक वाटते. मी जुन्या विचारांची आहे का?

बुकिंग_टेबल

मधुमालती ताई, तुम्ही अजिबात जुन्या विचारांच्या नाही. काहीही पाठवू नका. तो निरोप जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, आणि मग खातं ब्लॉक करा. १५ वर्षांच्या मुलीकडे असे फोटो मागणं हा गुन्ह्याचा मामला आहे, त्याला व्यवसायाची रीत म्हणत नाहीत. पोलिसांकडे जायला कचरू नका. मुलीवर मात्र रागावू नका, नाहीतर पुढचा निरोप ती दाखवणार नाही.

एरवीचंही सांगते. एजन्सी कमावते ती मॉडेलला मिळालेल्या कामातल्या हिश्शातून. जी आधी तुमच्याकडून पैसे घेते आणि अमुकच फोटोग्राफरकडे जा म्हणते, तिची कमाई फोटोंतून होते, मग तुम्हाला काम मिळालं काय आणि नाही काय. फॅशनमधल्या मोठ्या कंपन्यांनीही वयाचं मनावर घेतलंय. एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन समूहांनी २०१७ मध्ये एक सनद केली, त्यात १६ वर्षांखालच्या मुलामुलींना मोठ्यांच्या कपड्यांसाठी घ्यायचं नाही असं ठरलं. तेव्हा १५व्या वर्षी घाई करण्यासारखं काही नाही. कधी शूट केलंच, तर तुम्ही सोबत, आणि सोबत म्हणजे खोलीत, बाहेरच्या बाकावर नाही.

जुना_फ्लॅश

आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, पालक सोबत असण्याला जो फोटोग्राफर नाकं मुरडतो त्याच्याकडे जाऊच नका. मोठ्या मुलींनीही मैत्रिणीला न्यावं. मला उलट बरंच पडतं, रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवायचा फलक) धरायला माणूस मिळतो.

मधुमालती_७१

खूप आभार. मुलीला हा धागा वाचायला दिला. रुसून बसलीय, पण तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला हे मी पाहिलं.

शटरबंद

पैसे नसतील त्यांच्यासाठी अजून एक वाट: टीएफपी. 'टाइम फॉर प्रिंट्स'. मॉडेल वेळ देते, फोटोग्राफर फोटो देतो, पैसे कोणी कोणाला देत नाही. नाव पडलं तेव्हा खरंच छापील फोटो देत, आता फाइली देतात. मी स्वतः शिकताना असे बरेच केलेत.

पण आधी सगळं लिहून घ्या. किती फोटो मिळणार, किती दिवसांत, रीटच (फोटोवरची सफाई) कोण करणार, कुठे वापरता येतील, त्याला ते विकता येतील का. 'रिलीज' नावाचा, फोटो वापरायची परवानगी देणारा कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय सही नको. फोटोत तुम्ही आहात म्हणून फोटो तुमचा, असं नसतं. हक्क कोणाचा हे देशोदेशीच्या कायद्यावर आणि त्या कागदावर ठरतं. माझ्या एका मैत्रिणीचा टीएफपीचा फोटो दोन वर्षांनी एका दवाखान्याच्या फलकावर झळकला, 'उपचारापूर्वी' म्हणून. सही तिचीच होती.

टवाळ_टोळ

'उपचारापूर्वी' 😂 आणि 'उपचारानंतर'ला दुसरीच होती का?

शटरबंद

हो!!

कात्रण

रीटचवरून आठवलं. इतका आटापिटा करून कच्चे फोटो मागायचे आणि शेवटी छापताना सगळं गुळगुळीतच करायचं. हा ढोंगीपणा नाही का?

जुना_फ्लॅश

आहे थोडा. म्हणून तर काही देशांनी कायदे केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर 'फोटो रीटच केलेला' असं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून असंच काहीसं, जाहिरातीसाठी फोटो टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनाही लागू.

पण पोर्टफोलिओपुरतं बोलायचं तर माझा नियम सोपा आहे. दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढतो: पुटकुळी, ओरखडा. जे राहणार ते ठेवतो: तीळ, व्रण, डोळ्यांखालची घडी. त्वचेची छिद्रं दिसलीच पाहिजेत. ती पुसली की माणूस मेणाचा होतो आणि बघणाऱ्याला लगेच संशय येतो, इथे अजून काय काय पुसलंय.

निळी_किनार

माझ्या हनुवटीवर व्रण आहे. पहिल्या फोटोग्राफरने तो सगळ्या फोटोंतून उडवला होता. पहिल्याच कामाला गेले तर मेकअपवाली म्हणाली, हे काय नवीनच? ते झाकण्यात अर्धा तास गेला आणि सगळा सेट खोळंबला. तेव्हापासून व्रण सगळ्यात पुढे.

अर्धवट_पान

बापरे, किती प्रतिसाद! एकेक वाचून वहीत उतरवलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

अल्बम परत उघडला. तुम्ही म्हणता तसं बघितलं तर ४२ पैकी ३१ फोटोंत मी मलाच ओळखत नाही. एकात तर डोळ्यांचा रंग बदललाय. तीळ सगळ्यांतूनच गायब. आईला विचारलं यातली मी कुठली, तिने एका फोटोवर बोट ठेवलं. दोन पोशाखांच्या मध्ये पाणी पिताना स्टुडिओतल्या मदतनीस मुलाने सहज काढलेला. तो अल्बममध्ये नव्हताच, फाइलींत होता.

रविवारी भावाला फोन हातात देऊन डिजिटल्स काढायला बसवलं. दोन तास. त्याबद्दल काय ते तो स्वतःच सांगेल, मी त्याला इथे खातं काढायला लावलंय. माझे प्रश्न दोन: पाणी पितानाचा फोटो पोर्टफोलिओत चालेल का? आणि उरलेल्यांचं काय करू, फेकून देऊ?

बुकिंग_टेबल

पाणी पितानाचा ठेवा, पण दुसरा किंवा तिसरा. पहिला चेहऱ्याचा, स्वच्छ, समोरून. तुमच्या मोजणीने ११ फोटो उरतात, त्यातले दिवसाउजेडी वाटणारे तीन-चार घ्या आणि थांबा. नवख्या मुलीकडे डिजिटल्स आणि चार चांगले फोटो पुरतात. पुढचे टेस्ट शूट (पोर्टफोलिओसाठी काढायचे फोटो) एजन्सी ठरवेल, कारण तुम्हाला कुठल्या बाजाराकडे न्यायचं हे त्यांच्या डोक्यात असतं. कॉम्प कार्डही तेव्हाच, पुढे एक मोठा चेहरा, मागे तीन-चार फोटो आणि मापं. आत्ता छापून ठेवाल तर सहा महिन्यांत केस कापाल आणि गठ्ठा रद्दीत.

बाकीचे फेकू नका. पैसे मोजलेत. फक्त कोणाला पाठवू नका.

निळी_किनार

आणि केस कापले, वजन बदललं, की डिजिटल्स पुन्हा. एरवीही दर तीन-चार महिन्यांनी. खर्च शून्य, भाऊ घरचाच.

अर्धवटचा_भाऊ

मी तोच भाऊ. जुना_फ्लॅश काका, तुमच्या 'बेंबीच्या उंचीवर' मुळे मी दोन तास गुडघ्यांवर होतो याची नोंद घ्यावी. एकूण २१४ फोटो काढले. ताईला त्यातले नऊ आवडले.

एक शंका आहे. पहिले साठेक फोटो धुरकट आलेत, दिव्याभोवती पसरल्यासारखा उजेड आणि चेहऱ्यावर पांढुरकी झाक. दिवे तर बंद होते, फक्त खिडकी. नंतरचे एकदम लख्ख. मध्ये काहीच बदललं नाही, मी फक्त फोन खिशात ठेवून पाणी प्यायला गेलो होतो.

जुना_फ्लॅश

लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा होता. खिशात पुसला गेला. पुढच्या वेळी आधी रुमालाने पुसा. गुडघ्यांबद्दल क्षमस्व, खुर्ची घेतली असतीत तर चाललं असतं.

अर्धवट_पान

स्टुडिओवाल्याने धुराचे वेगळे पैसे लावले होते हो.